नेपियनचं चरित्र कुठं संपतं?

गेल्या महिन्यात काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म टाकला. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, त्यात ‘परदेशातील शाखा’ असं स्वतंत्र प्रकरण असणार आहे, आणि आम्ही बाहेर असलेल्या सगळ्यांनी आपापली माहिती भरून द्यायची आहे. रकाने नेहमीचेच: पूर्ण नाव, जन्म, शिक्षण, हुद्दा, वास्तव्य, स्थावर, पती किंवा पत्नी आणि त्यांचं माहेरचं घराणं, अपत्यं. शेवटी ‘विशेष माहिती’साठी दोन ओळी. तुमच्याकडेही असा फॉर्म आला असेल. नसेल तर येईल, कारण प्रत्येक घरात असा एक काका असतोच.

मी अबू धाबीत पोस्टडॉक करते. मुंबई आणि आखात यांच्यामधला एकोणिसाव्या शतकातला कागदपत्रांचा व्यवहार हा माझा विषय. फॉर्म आला त्या आठवड्यात माझ्या टेबलावर दुसऱ्याच एका माणसाचा असाच भरलेला फॉर्म पडलेला होता. तो माणूस म्हणजे सर इव्हान नेपियन. मुंबईचा नेपियन सी रोड ज्याच्या नावाचा, तोच. रस्त्याचं कागदोपत्री नाव आता लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला आपण काय सांगतो ते तुम्हाला माहीत आहे.

आधी त्याचा फॉर्म भरून घेऊ, मग माझी तक्रार सांगते.

जन्म १७५० च्या दशकाच्या सुरुवातीचा, कॉर्नवॉलमधल्या सॉल्टॅशजवळ. घराणं उमरावांचं नाही. नोकरीची सुरुवात आरमारात कारकुनीने, मग जहाजावरचा पर्सर, म्हणजे शिधा, कपडे आणि त्यांचा हिशेब सांभाळणारा. १७८२ मध्ये गृहखात्याचा उपसचिव. त्याच वर्षी मार्गारेट स्किनरशी लग्न. ऑस्ट्रेलियाला कैद्यांना घेऊन गेलेल्या १७८७ च्या पहिल्या ताफ्याची बरीचशी जुळवाजुळव याच्या टेबलावरून झाली. १७९५ पासून आरमारखात्याचा सचिव. १७९६ मध्ये क्वीनबरोहून खासदार, १८०२ मध्ये ब्रिडपोर्टहून. ब्रिडपोर्ट हे दोरखंड वळणारं गाव, आणि त्याचा खासदार आरमाराचा सचिव! त्याच वर्षी बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. ब्रिडपोर्टजवळच लोडर्स इथे जमीन आणि वाडा. १८०४ मध्ये काही काळ आयर्लंडचा मुख्य सचिव. १८१२ ते १८१९ मुंबईचा गव्हर्नर. मग घरी परत, आणि १८२२ मध्ये लोडर्सलाच मृत्यू. थोरला मुलगा मॉलिनो हाइड दुसरा बॅरोनेट झाला, दुसरा एक मुलगा, त्याचंही नाव इव्हान, पाद्री झाला. भाऊ निकोलस लष्करी अधिकारी म्हणून सिडनीला गेला आणि पुढे कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाचा कारभार पाहत होता.

बघा, कसं व्यवस्थित बसलं. हिशेबनीस ते जमीनदार, एका पिढीत. इंग्रजीत या साच्याच्या चरित्रांना तोटा नाही. ब्रिटिश संसदेच्या इतिहासाचे जाडजूड खंड आहेत, त्यातले १७९० ते १८२० या काळाचे १९८६ मध्ये निघाले. प्रत्येक खासदाराच्या नोंदीवर आधी बाप कोण, कितवा मुलगा, लग्न कुणाशी, मुलं किती, पदं कोणती, आणि मग मजकूर. आपल्या कुलवृत्तांताची आणि यांची भेट कधी झाली नसेल, पण दोघांना एकाच शिंप्याने कपडे शिवलेत.

हे खंड वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. मी ते रोज वापरते. त्यांतली मेहनत बघून कधीकधी लाज वाटते. माझी तक्रार साच्याबद्दल आहे. हा साचा माणसाने काय मिळवलं ते सांगतो आणि तो घरी परतला की थांबतो. त्याने सही करून पुढे पाठवलेल्या कागदांचं काय झालं, हे त्यात कुठेच बसत नाही. नेपियनसारख्या माणसाच्या बाबतीत तर ही मोठीच अडचण आहे, कारण त्याने आयुष्यभर केलं ते तेच. त्याने लढाई जिंकली नाही, गाजलेलं भाषण केलं नाही. कागद आणले, वाचले, पुढे सरकवले.

आता त्याच्या मुंबईतल्या सात वर्षांकडे बघू. चरित्रात ती पदांच्या यादीतली एक ओळ असते.

नेपियन ऑगस्ट १८१२ मध्ये गव्हर्नर झाला. ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरकरांशी तह होऊन मालवण बंदर, सिंधुदुर्गासकट, इंग्रजांकडे आलं. त्याच सुमारास सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला आलं. या वाटाघाटी नेपियनने एकट्याने केल्या नाहीत, त्या आधीपासून चालू होत्या आणि पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन त्यांत होता. पण कारण काय दिलं गेलं ते लक्षात ठेवा: चाचेगिरीचा बंदोबस्त. मालवणची गलबतं जहाजं अडवत होती हे खरं. ती कोणाच्या हुकमाने, कोणाशी चाललेल्या भांडणात, कोणत्या हक्काने अडवत होती, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. कंपनीच्या दफ्तरात त्या सगळ्यांचं उत्तर एका शब्दात होतं.

हा शब्द आपल्याला नवा नाही. कान्होजी आंग्रे आपल्याकडे सरखेल आणि मुंबईकर इंग्रजांच्या पत्रात चाचा. शाळेत आपण हे शिकलो आणि हसलो. त्याच्या मुलाचा, तुळाजीचा, विजयदुर्ग १७५६ मध्ये इंग्रजांनी घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे मात्र आपण जरा भरभर वाचलं. असो.

आता नेपियनच्या कारकिर्दीचं दुसरं टोक. १८१९. पेशवाई वर्षभरापूर्वी संपली आहे. फेब्रुवारीत मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर नावाचा अधिकारी फौज घेऊन सावंतवाडीच्या मुलखात उतरतो आणि निवती आणि रेडीचा यशवंतगड घेतो. मार्चमध्ये तोच कीर कच्छात, भूजवर. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच कीर मुंबईहून जहाजांचा ताफा घेऊन निघतो, तो आखातात. डिसेंबरमध्ये रास अल खैमा पडतं. गाव उद्ध्वस्त होतं, गलबतं जाळली जातात. कारण पुन्हा तेच, चाचेगिरीचा बंदोबस्त. या वेळी चाचे म्हणजे कवासिम, अल-कासिमी घराण्याच्या सत्तेखालचे लोक. इकडच्या बोलीत ‘क’चा बऱ्याचदा ‘ज’ होतो, म्हणून मुंबईच्या कागदांत ते ‘जोआस्मी’ आहेत.

नेपियनने खुर्ची सोडली १ नोव्हेंबर १८१९ ला, एल्फिन्स्टन त्या जागी बसला, आणि दोन-चार दिवसांत ताफा निघाला. मोहिमेची तयारी एकाची, निरोप दुसऱ्याचा. नेपियनचं चरित्र इथे घराकडे वळतं. लोडर्सच्या दिशेने.

आणि हे फक्त कीरचं नाही. १८०९ मध्येही मुंबईहून रास अल खैमावर एक मोहीम गेली होती. तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन होता आणि फौजेचा प्रमुख होता लायोनेल स्मिथ. हे नाव कुठे ऐकलंय? बाजीरावाच्या पाठलागावर असलेला जनरल स्मिथ, ज्याच्याशी झालेल्या अष्टीच्या लढाईत फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले, तो हाच. १८२१ मध्ये तो परत आखातात आला, ओमानच्या बनी बू अलीवर. आपल्या पाठ्यपुस्तकात पेशवाईचा शेवट हे एक प्रकरण आहे. इथल्या पुस्तकात १८१९ हे एक प्रकरण आहे. माणसं तीच, बंदर तेच, शाईसुद्धा एकाच कचेरीतली, पण दोन प्रकरणांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

जानेवारी १८२० पासून इथल्या शेखांनी एकामागून एक कीरशी तह केला. त्याचं तिसरं कलम झेंड्याबद्दल आहे: तहात असलेल्या अरबांनी लाल झेंडा लावायचा आणि त्याला पांढरी किनार असायची. दुबईत राहत असाल तर एखाद्या शुक्रवारी रास अल खैमाला जाऊन या, गाडीने तासाभराचा रस्ता आहे. जुन्या किल्ल्यात संग्रहालय आहे. आणि अमिरातीचा स्वतःचा झेंडा दिसला तर थांबून बघा. पांढऱ्या किनारीतला लाल चौकोन. मी पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला मुंबईच्या फाइली आठवल्या. नेपियनच्या नावाची एक नदी ऑस्ट्रेलियात आहे, व्हिक्टोरियात एक भूशिर आहे, ओटावा शहरात एक वस्ती आहे, मुंबईत रस्ता आहे. इथे त्याच्या नावाचं काही नाही. पण त्याच्या कचेरीच्या कामाचा शेवट इथे वाऱ्यावर फडकतोय, आणि तो इथल्या लोकांनी आता आपलासा केलेला आहे. चरित्रात हे कुठल्या रकान्यात भरायचं?

हा रकाना ज्याने भरायचा प्रयत्न केला ते पुस्तक योगायोगाने १९८६ मध्येच आलं. शारजाचे शासक डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी एक्सेटर विद्यापीठात पीएचडी केली आणि त्यावर आधारित ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुख्य आधार मुंबईचं दफ्तर, म्हणजे आज काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेले कागद. मांडणी थोडक्यात अशी: कवासिमांना चाचे ठरवणं ही मुंबई सरकारने आणि कंपनीने चालवलेली थाप होती, आखात आणि हिंदुस्थानातला व्यापार हातात घेण्यासाठी. एकेक घटना घेऊन ते दाखवतात की अमुक जहाज कवासिमांनी लुटलं हे कशावरून, साक्ष कुणाची, पत्र लिहिणारा होता कुठे.

हे पुस्तक वाचाच. मुंबईला बाहेरून, समुद्राच्या पलीकडून बघणारं मराठीत काही नाही, आणि मुंबईचा गव्हर्नर बंगल्यात बसून काय लिहितो यापेक्षा ते पत्र उघडल्यावर कुणाच्या घराला आग लागते हे विचारणारी पुस्तकं इंग्रजीतही थोडीच. आपल्याच गावचं दफ्तर दुसऱ्या कुणी इतक्या बारकाईने वाचलं याचा मला हेवा वाटला.

तरीही दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्यांच्या पुस्तकात ‘मुंबई सरकार’ फार एकजीव होतं, जणू एकच डोकं आणि एकच डाव. कागद वाचताना मला दिसतं ते वेगळं: बुशहरचा अधिकारी एक सांगतो, मुंबईचं कौन्सिल दुसरं, कलकत्त्याहून तिसरंच येतं, आणि मधे बराच आळस आणि बरीच ऐकीव माहिती. डाव असता तर एखाद्या वेळी फसला असता. सवय मात्र फसत नाही, कारण ती कुणी आखलेली नसते. ‘चाचे’ हा शब्द मुंबईच्या कारकुनाच्या हाताला लागलेली सवय होती. आंग्ऱ्यांवर घोटवली, मालवणवर चालवली, आणि मग आखातासाठी नवीन शब्द शोधायची गरजच उरली नाही. माझ्या मते हे कारस्थानापेक्षा जास्त भीतीदायक आहे.

दुसरं खटकतं ते हे की हेही शेवटी घराण्याचंच पुस्तक आहे. लेखक अल-कासिमी आहेत, पूर्वजांवरचा डाग पुसतायत. त्यात गैर काही नाही. पण मग पूर्वज सगळे निर्दोष निघतात. चार्ल्स डेव्हिसने १९९७ मध्ये १७९७ ते १८२० मधल्या घटना पुन्हा तपासल्या. त्याचा निष्कर्ष अल-कासिमींसारखा सरळ नाही: कवासिमांनी जहाजांवर हल्ले केले होते, आणि त्यांमागे युद्ध, धर्म, व्यापार, सत्तेचं राजकारण असं बरंच काही होतं. म्हणजे आंग्ऱ्यांसारखंच. सरखेल असणं आणि जहाज लुटणं या दोन्ही गोष्टी एका माणसाला जमतात. इंग्रज बॅरोनेट असणं आणि दूरचं गाव जाळायची तयारी करणं, याही जमतात.

नेपियनला सोडूनही देत नाही आणि लटकावतही नाही. त्याच्या खात्यावर एक वेगळीच नोंद आहे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. वरून हुकूम होता, यांना परत पाठवा. नेपियन धर्मनिष्ठ होता, त्याने वेळ काढला, रदबदली केली, आणि शेवटी ते राहिले. त्यांच्याच मिशनने १८१७ मध्ये मुंबईत मराठी छापायला सुरुवात केली. तुम्ही आत्ता जे छापील मराठी वाचताय, त्याच्या लांबच्या पूर्वजांपैकी एकाला या माणसाने बोटीवर चढण्यापासून वाचवलं. हाही कागद पुढे न सरकवण्याचाच प्रकार. म्हणजे त्याला थांबवता येत होतं. मनात असेल तेव्हा.

आणि आता ज्यांचा फॉर्मच नाही ते. कीरच्या १८१९ च्या फौजेत सुमारे तीन हजार लढणारे होते. त्यांतले जवळजवळ निम्मे हिंदी शिपाई, मुंबई फौजेच्या पलटणींतले. या पलटणींची मोठी भरती कोकणातून होत असे, महार, मराठा आणि इतर. म्हणजे रास अल खैमाच्या वाळूत उतरलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक असणार, आणि त्यांतल्या काहींचं गाव मालवणपासून फार लांब नसणार. ते लंडनच्या खंडांत नाहीत, अल-कासिमींच्या पुस्तकात ते शत्रूच्या फौजेतला आकडा आहेत, आणि आपल्या कुलवृत्तांतात नाहीत, कारण कुलवृत्तांत कुणाचे निघतात ते आपल्याला माहीत आहे. अबू धाबीला पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, आमच्या घरातून आखातात आलेली मीच पहिली. ‘आमच्या घरातून’ हे खरं असेल. मराठी बोलणारं माणूस म्हणून माझा नंबर दोनशे वर्षं मागे लागतो, आणि पुढे उभी असलेली माणसं बंदूक घेऊन, दुसऱ्याच्या हुकमाने आलेली आहेत.

‘पण चरित्राने एवढं सगळं करायचं का?’ असं माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं. बरोबर आहे, एका नोंदीत जग मावत नाही. मी एवढंच मागते की पदांच्या यादीत ‘गव्हर्नर, मुंबई, १८१२ ते १८१९’ असं लिहिताना यादी करणाऱ्याने एकदा विचारावं, कुणावर? जमीन लोडर्सला किती एकर होती हे सापडतं, तर मालवणला काय गेलं हेही सापडतं. कागद दोन्हीकडचे जपलेले आहेत, फक्त ते वेगळ्या शहरांत आहेत आणि साचा सांगतो की दुसऱ्या शहरात जायची गरज नाही.

आता आमचा फॉर्म. जुन्या आवृत्तीत माझ्या आजोबांची नोंद आहे: ‘मामलेदार, निवृत्त. मुलगे ३, कन्या २.’ कन्यांची नावं नाहीत. आजोबांची नोकरी झाली ती कूळकायद्याच्या वर्षांत, म्हणजे जमीन कुणाची, मालकाची की कसणाऱ्याची, याचे निकाल त्यांच्यासमोर होत होते. बाबांना फोन करून विचारलं, आजोबांनी निकाल कसे दिले? बाबा म्हणाले, ‘‘कोण जाणे. सकाळी दारात माणसं बसलेली असायची, एवढं आठवतं. आई त्यांना चहा द्यायची नाही.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘हे कशाला लिहितेस?’’

तुमच्याही फॉर्ममध्ये असे आजोबा असतील. तलाठी, शिक्षक, इंजिनिअर, फौजदार, धरणावरचे अधिकारी. आणि तुम्ही स्वतः असाल: कुणी बँकेत कर्ज मंजूर करणारं, कुणी कंपनीत कुणाचा व्हिसा काढायचा आणि कुणाचा नाही हे ठरवणारं, कुणी दुबईत अशा टॉवरचं डिझाइन करणारं, ज्याच्या परांचीवर आपल्याच तालुक्यातला माणूस चढतो. ‘परदेशातील शाखा’ या प्रकरणात तो येणार नाही. त्याच्या आधी कितीतरी वर्षं खेड-चिपळूणहून आखातात आलेली कोकणी मुसलमान घरंही येणार नाहीत. कुणी मुद्दाम वगळणार नाही. रकानाच नाही.

मी फॉर्म भरून पाठवला. ‘स्थावर’ रिकामं ठेवलं. दोन आत्यांची नावं लिहिली. ‘विशेष माहिती’मध्ये आजोबांच्या तालुक्याचं नाव, कूळकायद्याची वर्षं, आणि त्या निकालांचे कागद तालुका कचेरीत असतील तर पाहावेत अशी विनंती. काकांचा मेसेज आला की दोन ओळींपेक्षा जास्त झालंय, काटछाट करावी लागेल. मी त्यांना म्हटलं, माझं शिक्षण कापा.